दहा सेंटीमीटर

"मिस्त्री, गाडीत दमच न्हाई ऱ्हायला. खंबाटकी तिसऱ्यात चढायची, आता निम्म्यातच दुसरा टाकाय लागतोय."

शिरवळच्या अलीकडे हायवेला माझं गॅरेज. ही गोष्ट घडली तेव्हा साताऱ्याकडून पुण्याला येणाऱ्यांना बोगदा होता, जाणाऱ्यांना मात्र घाट चढावाच लागे. त्यामुळे दम गेल्याची तक्रार मला नवी नव्हती. दहातल्या सहा गाड्यांत एअर फिल्टर चोंदलेला असतो, दोनांत क्लच घसरत असतो, उरलेल्या दोनांत ड्रायव्हरनं जास्त माल भरलेला असतो आणि तो ते कबूल करत नाही.

ही सहाटायरी, पाच गिअरची, जुनी पण नीट राखलेली गाडी. मालकच ड्रायव्हर, पुण्याकडून सिमेंट नेणारा. "माल वाढवलास का?" विचारलं, तर त्यानं काटापावतीच पुढे केली. फिल्टर स्वच्छ, क्लच ठीक. मग मी जे करायला नको होतं ते केलं. पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला, नोझल काढली, तीन दिवस गाडी उभी ठेवली. पंपवाल्याचा निरोप आला, पंपात काही दोष नाही. सगळं परत बसवलं. गाडी घाटात गेली आणि निम्म्यातच दुसऱ्यात आली.

चौथ्या दिवशी हाउसिंगचं ऑइल बघायला गाडीखाली पडलो होतो. डोक्याशी स्टेपनी टांगलेली. सहज आकडा वाचला, नऊशे-वीस. मान वळवून चाकाचा वाचला, हजार-वीस.

ज्यांना हा हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ९.००-२० म्हणजे टायरची रुंदी साधारण नऊ इंच, रिम वीस इंची. १०.००-२० मध्ये रिम तीच वीस इंची, पण टायर एक इंच रुंद, आणि रुंदीबरोबर उंचीही वाढलेली. मालकानं दोन महिन्यांपूर्वी कुणाकडून तरी अख्खा सेट स्वस्तात उचलला होता. मोठा टायर जास्त वजन पेलतो, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. मागच्या जोडीतल्या टायरांच्या कुशी एकमेकींना घासत तर नाहीत ना, ते आधी हात घालून पाहिलं. बोटं जात होती.

मग खडूनं टायरवर आणि जमिनीवर खूण केली, गाडी चाकाचा एक फेरा पुढे घेतली आणि टेप लावला. तीन मीटर वीस सेंटीमीटर. स्टेपनी चढवून पुन्हा तेच केलं. तीन मीटर दहा.

मी मोटेच्या नाही, पण रहाटाच्या गावचा. जाड लाटेवर दोर गुंडाळला की एका फेऱ्यात घागर जास्त वर येते, पण हाताला भारी लागते. बारीक लाटेवर हात हलका, फेरे जास्त. ओढणारा तोच, त्याचं बळही तेच. टायरचंही असंच आहे. त्या गाडीच्या हाउसिंगमधलं क्राऊन-पिनियन सहाला एकेचाळीस दात्यांचं, म्हणजे ६.८३. टायर बदलल्यावर क्राऊनला कुणी हात लावला नव्हता, पण रस्त्याला ते जणू ६.६२ झालं. जमिनीवरचा ओढा तीन टक्क्यांनी उतरला. इंजिनाची शक्ती तसूभरही कमी झालेली नव्हती.

तीन टक्के म्हणजे काय मोठंसं? सपाटीवर काहीच नाही. घोळ घाटात होतो, कारण गिअर पायऱ्यांनी असतात. तिसऱ्यात ती गाडी आधीच कशीबशी चढत होती, इंजिन ओढ्याच्या काठावर उभं. तेवढ्यात तीन टक्के काढून घेतले की ते काठावरून खाली येतं आणि ड्रायव्हरला दुसरा टाकावा लागतो. दुसऱ्या नि तिसऱ्यात दीडपटीहून जास्त अंतर. म्हणजे गेले तीन टक्के, आणि घाटातला वेग उतरला तिसऱ्या हिश्श्यानं. ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. मीच त्याच्या बोलण्यातला गिअरचा शब्द सोडून दमाचा शब्द धरून बसलो होतो.

अ‍ॅव्हरेजही पडलंय म्हणत होता. त्यातला काही भाग तर निव्वळ मीटरचा. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. मोठ्या टायरवर शंभर किलोमीटर धावलेल्या गाडीचा मीटर सत्त्याण्णव दाखवतो, आणि डिझेल मात्र शंभराचंच जळतं.

पुढे पोरानं मला पुण्यात गाडीची शक्ती मोजायच्या रोलरवर नेलं. त्याच्या पिकअपला त्यानं उंच, जाड नक्षीचे टायर घातले होते, आणि आकडा अपेक्षेपेक्षा खाली येत होता. कंपनी जो आकडा छापते तो इंजिन एकटं बाकावर बांधून काढलेला असतो. तिथे गिअरबॉक्स नाही, हाउसिंग नाही, टायर नाही. इथे गाडी जागेवर धावते, चाकांखाली वजन ठाऊक असलेला लोखंडी रोलर फिरतो, आणि तो किती लवकर वेग घेतो त्यावरून शक्ती काढतात. पण रोलर फिरवण्याआधी इंजिनाला टायरही फिरवायचा असतो. रस्त्यावर टायरच्या कडेचं एक किलो वेग वाढवताना दोनदा मोजावं लागतं, एकदा पुढे न्यायला आणि एकदा फिरवायला; रोलरवर गाडी जागेवरच, म्हणून फिरवण्यापुरतंच. जड टायर त्या घासातला घास खातो आणि यंत्राला वाटतं इंजिनच अशक्त. मूळचे टायर लावून बघितलं, आकडा तीन हॉर्सपॉवरनं वर आला. पोरगं खट्टू झालं. वेग एका जागी धरून, ब्रेक लावून मोजणारा रोलर असता तर हा फरक बराचसा दिसलाच नसता.

मला तिथे त्या सिमेंटवाल्याची आठवण झाली. सोळा टनांच्या गाडीत टायरांचं थोडंफार वाढलेलं वजन कोण विचारतो? तिथे टायरची उंची बोलली. रिकाम्या पिकअपमध्ये रोलरवर बोललं ते मुख्यतः वजन. माप कशावर घेतलं हे न सांगता कुणी नुसता आकडा सांगितला की मी हल्ली पुढचं ऐकत नाही.

सिमेंटवाल्याला मी सगळं समजावलं, पंपाची मजुरी घेतली नाही. कॅलिब्रेशनवाल्याचे पैसे मात्र त्यालाच पडले, ते अजून डाचतं. जुने टायर तो विकून बसला होता. "ऱ्हाऊ द्या, चालवतो दुसऱ्यात," म्हणाला आणि गेला.

दीडेक वर्षानं ग्रीसिंगला आला. टायरांची नक्षी जवळजवळ संपलेली, गोटा व्हायच्या बेतात. म्हटलं, आता रबर चढवून घे, पावसाळा तोंडावर आहे.

"इतक्यात नगं, मिस्त्री. गाडी आत्ता कुठं मनासारखी ओढाय लागलीय. खंबाटकी तिसऱ्यात!"

मी खडू घेतला, खूण केली, गाडी एक फेरा पुढे घ्यायला लावली. तीन मीटर अकरा.