रविवारचा नेम

'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण गेलीं पंचवीस-तीस वर्षें आम्हीं वर्गांत इतक्या वेळां उच्चारली आहे, कीं तिचा प्रयोग एक दिवस आमच्यावरच व्हावयाचा, हें आमच्या ध्यानीं यावयास हवें होतें. तें आलें नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं स्वतःच एका अंगणास वांकडें ठरविलें. चौकशीअंतीं तें खरोखरच चार ठिकाणीं वांकडें निघालें. पांचवा दोष मात्र नाचणाराचा होता!

आमची कन्या टोराँटोस असते. दर रविवारीं आमची संध्याकाळ आणि तिची सकाळ यांची गांठ पडते, व तेवढा तासभर आम्ही बापलेक एका व्हिडिओ गेममध्यें धनुष्यबाण घेऊन रानोमाळ हिंडतों. हा आमचा रविवारचा नेम. फोनवरील 'जेवलांत का, बरें आहे ना' या प्रश्नोत्तरांपेक्षां या मृगयेंत आमचें बोलणें अधिक होतें, असें अनुभवास आलें, तेव्हां वयाचा संकोच आपोआप गळून पडला. सौभाग्यवतींनीं या छंदास 'उतारवयांतील विटीदांडू' असें नांव ठेविलें आहे. आम्हीं तें मुकाट्यानें मान्य केलें आहे.

या खेळासाठीं कन्येनें धाडलेला कंट्रोलर मोठा चतुर आहे. अंगठ्याखालीं गुळगुळीत ट्रॅकपॅड. त्यावर अंगठा फिरविला कीं दृष्टि डावीउजवीकडे वळते. आंत जायरो; हात किंचित कलविला कीं नेमाचा ठिपका त्या मानानें सरकतो. ढोबळ काम अंगठ्यानें करावें, बारीक काम मनगटानें, अशी ही वाटणी. परंतु कांहीं दिवसांपासून आमचा ठिपका लक्ष्यावर ठरेनासा झाला. तापल्या तव्यावरील थेंबासारखा तो नाचूं लागला, बाण झाडांत जाऊं लागले, आणि कन्या 'असूं दे, बाबा' असें म्हणूं लागली. तें 'असूं दे' आम्हांस बाणासारखें लागलें.

तेव्हां आम्ही दोषशोधनास बसलों. प्रथम कंट्रोलर टेबलावर ठेवून हात काढून घेतला. ठिपका तरीहि गोगलगाईच्या गतीनें एका बाजूस सरकत होता! जायरोस्कोप हें नांव फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५२ सालीं आपल्या फिरत्या चक्राच्या उपकरणास दिलें. कंट्रोलरमधील जायरोंत चक्र नसतें. सिलिकॉनचा एक सूक्ष्म भाग आंत सतत कंप पावत असतो. हात वळला कीं तो कंप किंचित आडवा ढळतो, आणि त्या ढळण्यावरून वळण्याचा वेग मोजला जातो. येथें मूळ शून्यच थोडें चुकलें, तर ती चूक क्षणाक्षणास सांठत जाते. शिवाय यंत्र तापलें कीं शून्य पुन्हां हलतें. म्हणून थोडा वेळ खेळून यंत्र ऊबदार झाल्यावर तें स्थिर ठेवून त्याचें शून्य नव्यानें ठरवावें. तसें केलें, आणि सरकणें थांबलें.

दुसरा दोष असा, कीं बाण सुटतांच कंट्रोलर गुरगुरतो, आणि ती गुरगुर जायरोस आमच्याच हाताची हालचाल वाटे. ती बंद केली. तिसरा ट्रॅकपॅडचा. बोटाच्या स्पर्शानें होणारा विद्युद्भारांतील सूक्ष्म बदल तो ओळखतो. मे महिन्यांतील घामेजल्या अंगठ्यानें त्याची फसगत होई. जवळ कोरडें फडकें ठेविलें. चौथा दोष भाषेचा. खेळास एकाच वेळीं माउसची व जॉयस्टिकची अशा दोन भाषा ऐकूं येत होत्या, व कोणाचें ऐकावें या संभ्रमांत तो अडखळे. ट्रॅकपॅड, जायरो व बटणें या सर्वांस माउस-कीबोर्डची एकच भाषा बोलावयास लाविलें.

आतां टेबलावर ठिपका ध्रुवासारखा अढळ राहिला. आम्हीं कंट्रोलर हातांत घेतला. थरथर कमी झाली होती, पण गेली नव्हती. यंत्र निर्दोष ठरलें होतें. उरलों आम्ही.

आमच्या वडिलांचा हात अखेरच्या वर्षांत थरथरत असे. बशींतला चहा त्यांच्या धोतरावर सांडे, आणि आम्ही सारे तो न पाहिल्यासारखें करीत असूं. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. उठून पुन्हां यंत्रापाशीं बसलों. तेथें 'स्मूदिंग' नांवाची एक सोय आहे. मागील कांहीं क्षणांची सरासरी काढून ती थरथर झांकते. ती आम्हीं शेवटपर्यंत वाढविली. ठिपका समाधिस्थ झाला. पण हरिण निघून गेल्यावर तो हरिणाच्या जागीं पोहोंचूं लागला! थरथर लपवावयाची तर उशीर पत्करावा लागतो, हें उमगलें, आणि दुसऱ्याच दिवशीं आम्ही डॉक्टरांकडे गेलों.

"मांडीवर विसांवलेला हात थरथरतो, कीं उचललेला?" त्यांनीं विचारलें. विसांवलेला हात शांत होता. त्यांनीं हात ताणून धरावयास लाविले, कागदावर चक्राकार रेघा काढून घेतल्या, आणि सांगितलें, कीं निरोगी माणसाचाहि हात सेकंदास सुमारें ८ ते १२ वेळां सूक्ष्म कांपतच असतो. थकवा, काळजी आणि चहा यांनीं तें कांपणें वाढतें. तुमच्या बाबतींत तूर्त भिण्याचें कारण दिसत नाहीं. आमचा चहा सहा पेल्यांवरून दोनांवर आला. मांडीवर उशी घेऊन तीवर कोंपरें टेकूं लागलों, ठिपक्याची चपलता उतरविली, आणि स्मूदिंग अगदीं चिमूटभर ठेविलें.

पुढील रविवारीं कन्येस सारें सांगितलें. ती क्षणभर बोलली नाहीं. मग म्हणाली, "बाबा, तुमचा ठिपका हलतांना मला दिसत होता. आजोबांचा हात आठवला. विचारायचा धीरच झाला नाहीं."

म्हणजे 'असूं दे' या दोन शब्दांत तिनेंहि आपलें स्मूदिंग शेवटपर्यंत वाढविलें होतें!

त्या दिवशींचा आमचा पहिला बाण झाडांतच गेला. "बाबा, कोंपर! कोंपर टेका!" ती ओरडली. तिचें तें ओरडणें आम्हांस फार बरें वाटलें.