तळ्याचा ताप उतरतो तेव्हा

मेंडोटा तळ्याला घाई कशी ती ठाऊक नाही. ऑक्टोबर उजाडला की मॅडिसनची हवा चार दिवसांत पालटते. मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल होतात, माणसं कपाटातले जाड कोट बाहेर काढतात, सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं दिसतं. तळं मात्र अजून उन्हाळा पोटात धरून असतं. पहाटे हवा दोन अंशांवर उतरलेली असते आणि पाण्यावरून वाफा निघत असतात. हात बुडवावा तर पाणी चक्क कोमट लागतं. माझ्याकडे दोरीला बांधलेला एक थर्मामीटर आहे, खाली शिशाचा तुकडा लावलेला. तो पाण्यात हातभर सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, वर ओढून आकडा वहीत लिहायचा. सोळा. आजाऱ्याच्या उशाशी बसून कुणी ताप मोजावा, तशी गेली नऊ वर्षं दर शरदात मी या तळ्याच्या काठी बसते.

मेंडोटा विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीला, मॅडिसनला, लागून आहे. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मोनोना तळं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर शहराचा मध्यभाग नि विधानभवनाचा पांढरा घुमट. होचंक लोक या प्रदेशाला डेजोप म्हणत आले आहेत, म्हणजे ‘चार तळी’. याहारा नदीने एका माळेत ओवलेल्या या चौघांत मेंडोटा सगळ्यात मोठं. विस्तार सुमारे 40 चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी 25 मीटर. जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या तळ्यांत त्याची गणना होते. एडवर्ड बर्ज 1875 मध्ये इथल्या विद्यापीठात शिकवायला आले, पुढे चॅन्सी जुडे त्यांना येऊन मिळाले, आणि दोघांनी या पाण्याची नाडी धरली ती आयुष्यभर सोडली नाही. खोलीगणिक तापमान किती, प्राणवायू किती, जीव कोणते, हे त्यांनी इथे मोजलं. तळ्यांच्या शास्त्राचा अमेरिकेतला पाया याच काठावर घातला गेला.

ताप हा शब्द मी उगाच वापरत नाही. जुलैत मेंडोटाचं वरचं पाणी पंचवीस अंशांच्या घरात जातं. तापलेलं पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगतं. थंड नि जड पाणी खाली राहतं. दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर असतो, तिथे थोड्याशा खोलीत तापमान झपकन घसरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात, आणि हा शब्द रूढ केला तो बर्ज यांनीच. हा थर म्हणजे वाड्याच्या दोन मजल्यांमधलं बंद दार. वरचा वारा खाली पोचत नाही. आसपासच्या शेतांतलं खत नि शेण ओढ्यांतून तळ्यात येतं, त्यावर शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं. ते शेवाळ मरून तळाशी जातं, कुजतं, आणि कुजताना खालच्या मजल्यातला प्राणवायू संपवून टाकतं. भर उन्हाळ्यात मेंडोटाचा अर्धा खोलावा माशांना राहण्याजोगा नसतो. सगळी बिऱ्हाडं वरच्या मजल्यावर दाटीवाटीने राहतात.

मी देवगडची. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि माणसं मासे ‘गरवायला’ जातात. आजोबांबरोबर खाडीच्या काठाला बसून कोळंबी लावलेली गरी मी किती संध्याकाळी धरली असेल, त्याला मोजदाद नाही. तिथलं घड्याळ चंद्राचं. उधाण कधी, भांग कधी, भरतीचं पाणी चढताना तांबोशी कुठल्या खडकाला येते, हे सगळं तिथीवरून ठरायचं. आजोबा म्हणायचे, “पाणी काय म्हणता ता आयक, मगे गरी टाक.” मेंडोटाला भरती नाही, ओहोटी नाही. पहिल्या वर्षी मी त्याच्या काठी उभी राहिले तेव्हा मला वाटलं, हे पाणी मुकं आहे. शेजारचे एक निवृत्त पोस्टमन त्यांच्या ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीतून मला घेऊन गेले आणि त्यांनी हा दोरीचा थर्मामीटर माझ्या हातात दिला. तेव्हा कळलं, हे पाणी बोलतं, फक्त त्याची भाषा अंशांची आहे.

ती भाषा सगळ्यात नीट कळते ती बास माशाला. आपल्याकडे हॉटेलात सी बास म्हणून जिताडं मिळतं, त्याचा याच्याशी संबंध नाही. हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्याचा मासा, सनफिश कुळातला. मेंडोटात त्याचे दोन भाऊ राहतात. लार्जमाउथ हिरवट, जबडा डोळ्याच्याही मागे जाणारा, पाणवनस्पतींत दबा धरून बसणारा. स्मॉलमाउथ तांबूस, अंगावर उभे पट्टे, खडकांचा नि वाहत्या वाऱ्याचा शौकीन. 1881 मध्ये जेम्स हेन्शॉल या डॉक्टरांनी बासवर आख्खा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून गळ टाकणाऱ्या अमेरिकनांच्या मनातून हा मासा उतरलेला नाही. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी वीस तर तो वीस, पाणी सात तर तो सात. त्याची भूक, त्याचं पचन, त्याचा वेग, सगळं पाणी ठरवतं.

सप्टेंबरच्या लांबत्या रात्रींनी तळं वरून निवू लागतं. वीस, अठरा, सोळा. तापातून उठलेल्या माणसाला जशी भूक लागते, तशी या दिवसांत तळ्याला भूक लागते. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. पंचवीस अंशांना लिटरमागे आठेक मिलिग्रॅम, तर दहा अंशांना अकराच्या वर. पाणवनस्पती पिवळ्या पडून मोडायला लागतात, त्यांच्या आडोशाला वाढलेली पर्च नि ब्लूगिल माशांची पिल्लं उघडी पडतात. बास त्यांच्या मागावर उथळ पाण्यात येतात. ऑक्टोबरच्या त्या पंधरवड्यात पिकनिक पॉइंटच्या खडकाळ कडेला दुपारी पाणी अचानक फुटतं, चांदीचे कण उडावेत तशी पिल्लं उसळतात, आणि त्यांच्याखालून तांबूस पाठ वळताना दिसते. तेव्हा नकली आमिषांतला चमकत्या पात्याचा स्पिनरबेट झपझप ओढला तरी चालतो, क्रँकबेट दगडाला ठोकत आणला तरी चालतो. पोस्टमनकाकांच्या मते वर्षभराचं गरवणं एका पारड्यात आणि हे पंधरा दिवस दुसऱ्या पारड्यात. माझंही मत तेच झालं आहे.

मग एका आठवड्यात तळं पालटतं. वरचं पाणी निवत निवत खालच्याइतकं थंड नि जड होतं, मधलं दार आपोआप विरघळतं. त्यात दोन दिवस वायव्येचा वारा सुटला की सगळं पाणी एका कढईत ढवळल्यासारखं एक होतं. तळाचा गाळ वर येतो, पाणी चहासारखं होतं, कुजलेल्या अंड्यांचा वास काठापर्यंत येतो. नवख्याला वाटतं, तळ्याला काही तरी झालं. खरं तर हा घाम आहे, ताप उतरतानाचा. उन्हाळाभर कोंडलेला तळ या ढवळण्यातून पहिल्यांदा श्वास घेतो. या दिवसांत मासा गळाला लागत नाही. काकांनी पहिल्या वर्षी मला होडीत बसूच दिलं नाही. “आज गळ नको,” ते म्हणाले, “आज फक्त बघ.” आम्ही काठाच्या बाकावर बसून राहिलो. तळ्यावर शेकडो चांदवे उतरले होते, काळे, कपाळावर पांढरा ठिपका. आपल्याकडे या पक्ष्यांच्या भाईबंदांना वारकरी म्हणतात हे मी त्यांना सांगितलं, वारी म्हणजे काय तेही सांगितलं. त्यानंतर काकाही या पक्ष्यांना वारकरीच म्हणतात.

नोव्हेंबरात आकडा दहाच्या खाली जातो आणि मेंडोटाचा खरा स्वभाव दिसतो. घाटांवरचे लाकडी धक्के लोकांनी उचलून नेलेले असतात, कारण बर्फ त्यांना चिरडतो. होड्या गेलेल्या, गलका गेलेला. तळं करडं, शांत, आतून एकसारखं. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी थर्मामीटरने सात दाखवले. आम्ही एका बुडालेल्या खडकाच्या उतारावर, सहासात मीटर पाण्यात, जिग सोडला. बोटाएवढा, तपकिरी, शेवंडाच्या धाकट्या भावासारख्या क्रेफिशची नक्कल. तो तळाला टेकवायचा आणि काहीही करायचं नाही. मनात वीस मोजायचे, टोक जेमतेम हलवायचं, पुन्हा वीस. ऑक्टोबरचा हात इथे चालत नाही. सात अंशांचा मासा पळत नाही, म्हणून आमिषाने पळू नये. मी चुकून दोनदा घाई केली, दोनदा काका नुसते माझ्या मनगटाकडे बघत राहिले.

तिसऱ्या खेपेला दोरा जड झाला. ओढ नाही, झटका नाही. दोरीवरच्या ओल्या साडीचं वजन हाताला लागावं, तेवढंच. मी काठी उचलली आणि त्या वजनाने हळूच मान हलवली. वर आला तो स्मॉलमाउथ, हातभर लांब, जुन्या कांस्याच्या परातीच्या रंगाचा, डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. मी हात आधी पाण्यात भिजवले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. अंगठा खालच्या ओठावर ठेवला, दुसरा तळवा पोटाखाली. तो बर्फासारखा गार होता आणि अगदी शांत. कल्ले सावकाश उघडत होते, मिटत होते. एवढं वाढायला या थंड मुलखात सातआठ वर्षं तरी जातात. गरी काढली, पाण्यात धरला, आणि तो स्वतःहून तळव्यावरून निघून गेला.

त्यानंतर आम्ही आणखी एकच मासा धरला आणि परतलो. थंडीच्या तोंडावर स्मॉलमाउथ चांगल्या खडकाजवळ डझनांनी गोळा होतात. एक जागा सापडली की सगळं गणगोत एका दुपारी हाताला लागू शकतं. नऊदहा मीटरच्या खालून वर ओढलेल्या माशाचा वाताशय फुगतो आणि सोडला तरी तो नीट खाली जाऊ शकत नाही. म्हणून तेवढ्या खोलीला आम्ही गळ सोडत नाही. तळ्याने विश्वासाने उघडी केलेली खोली आहे ती. तिथे पाहुण्यासारखं वागावं.

चार अंशांना पाणी सर्वांत जड असतं. त्याहून गार पाणी पुन्हा हलकं होऊन वर राहतं आणि तेच गोठतं. म्हणून बर्फ वर धरतो, आणि त्याखाली शून्याच्या थोडं वरचं पाणी माशांसाठी उरतं. पाण्याचा हा एक गुण नसता तर कुठल्याच उत्तरेकडच्या तळ्यात वसंताला मासा दिसला नसता. मेंडोटा कधी गोठलं, कधी सुटलं, याच्या नोंदी 1850 च्या दशकापासून आहेत. 1880-81 च्या हिवाळ्यात बर्फ 161 दिवस होता. 2001-02 मध्ये अवघे 21 दिवस. मधे चढउतार आहेत, पण कल स्पष्ट आहे. गोठायला उशीर होतो, सुटायची घाई होते. माझा शरद लांबतो, गरवायला आठवडे जास्त मिळतात, आणि तरी मला आनंद होत नाही. घरातल्या माणसाचा ताप उतरायला दरवर्षी थोडा जास्त वेळ लागायला लागला, तर उशाशी बसलेल्याला सुट्टी मिळाल्यासारखं वाटत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एकटी काठावर जाते. गळ घेत नाही. खडकावर बसून दोरी खाली सोडते. वारकरी अजून आहेत, थोडे. खाली कुठे तरी तो तांबूस मासा दगडाच्या आडोशाला, जवळजवळ न हलता, उरलेल्या उबेत उभा असेल. दोन मिनिटांनी दोरी ओढते. चार. वहीत आकडा लिहिते, त्याच्यापुढे जुन्या सवयीने तिथी, आणि दोरी गुंडाळून घरी येते.