सुनेचे बाळंतपण

आमचा मुलगा गेला त्याला येत्या मार्गशीर्षात नऊ वर्षे होतील. तो एकतीस वर्षांचा होता. आजाराचा तपशील सांगत नाही. ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांना तो लागत नाही.

पहिल्या वर्षाविषयी मात्र सांगायला हवे, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आज त्याच वर्षात असेल. मला रडू आले नाही. रक्तदाबाच्या गोळ्या मी विसरू लागले; खरे म्हणजे घ्याव्याशा वाटत नव्हत्या. हे मात्र पहाटे उठून परसात जात, वेलींना मांडव घालत. मला त्यांचा संताप येई. "बाप आहात की दगड?" असे मी एकदा बोलूनही गेले. ते काही बोलले नाहीत. वेल तोंडलीची होती, आणि आमच्या घरी तोंडली आवडीने खाणारा एकच होता, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

पुढे आमच्या डॉक्टरांनी समजावले. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी 1999 साली मांडले आहे, की शोकातला माणूस कधी आठवणीत बुडतो, तर कधी रोजच्या कामांकडे वळतो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. मी एकाच काठाला रुतून बसले होते. वर्ष उलटूनही दुःख रोज तितकेच असह्य राहिले, तर त्यावर उपचार असतात. मी ते घेतले. आता 14416 या टेली-मानसच्या दूरध्वनीवर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. तुम्ही अशा कोणाची काळजी घेत असाल, तर गोळ्यांकडे लक्ष ठेवा, आणि गेलेल्याचे नाव घ्यायला बिचकू नका. ते नाव ऐकायला आम्ही आसुसलेले असतो.

सून तेव्हा अवघी सत्तावीस वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी तिने पुन्हा लग्न केले. आम्ही तोंडाने आशीर्वाद दिला. मनात काय होते, ते लिहायला आजही हात अडखळतो. ती हसली तरी मला तो अपराध वाटे.

पुढच्याच वर्षी, सातव्या महिन्यात तिचा फोन आला. "आई, बाळंतपणाला तुमच्याकडे आले तर चालेल?" तिची आई तिच्या लहानपणीच वारली होती. मी उत्तर न देता फोन यांच्या हाती दिला. "अगं, तुला दुसरे माहेर आहे कुठे?" एवढेच ते म्हणाले.

मी डिंकाचे लाडू केले, अळीव भिजत घातले. मुलगी झाली. घरी आल्यावर तीन दिवस मी तिला हातात घेतले नाही. कामे पुष्कळ होती, ती पुढे करता आली. खरे कारण भीती. या मुलीला जीव लावला तर माझ्या मुलाशी प्रतारणा होईल, असे वाटे. आणि पुन्हा कोणावर जीव जडला तर पुन्हा काय होईल, हेही. चौथ्या रात्री सून तापाने ग्लानीत होती, मूल रडत होते. हे डॉक्टरांना बोलावू लागले, आणि मी पाय पसरून तिला पायांवर घेतले. एकतीस आणि चार, पस्तीस वर्षांत केले नव्हते. पण पायांना हेलकावा आठवत होता. ती निजली. मग मी रडले, पहाटेपर्यंत.

बारशाला शेजारीण म्हणाली, "तोच परत आला हो!" मी तिथल्या तिथे सांगितले, "तो तो होता, ही ही आहे." सुनेने माझा हात दाबला.

आता ती मुलगी सुटीत येते. गेल्या दिवाळीत भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून तिने विचारले, "हा माझा कोण?" आम्ही दोघी गप्प. तिनेच हिशेब केला: हे आईचे माहेर, म्हणजे हा मामा! सून आणि मी एकमेकींकडे पाहिले, आणि त्याच्यावरून कितीतरी वर्षांनी मोठ्याने हसलो. तो असता तर सर्वांत जास्त तोच हसला असता.

त्याला काय म्हणायचे, ते अजून ठरलेले नाही. मे महिन्यात येईल तेव्हा ती पुन्हा विचारीलच.