गुणांची बेरीज

‘गुण’ या शब्दाने मराठीत मोठीच गंमत करून ठेवली आहे. माणसाच्या स्वभावातले गुण, औषधाला येणारा गुण आणि परीक्षेच्या गुणपत्रिकेतले गुण हे सारे आपण एकाच शब्दात सांगतो. काव्यशास्त्रातही हा शब्द आहेच. वामनाने शब्दाचे दहा आणि अर्थाचे दहा गुण मानले. मम्मटाने त्यांची छाननी करून माधुर्य, ओज आणि प्रसाद एवढे तीनच शिल्लक ठेवले. पण यांपैकी कोणीही ‘ओजाला पंधरापैकी अकरा’ असे म्हटले नाही. त्यांचा गुण ओळखायचा होता, आपला गुण मोजायचा असतो. ओळखण्याकडून मोजण्याकडे जाताना नेमके काय हरवते आणि काय हाती लागते, हा प्रश्न उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. मला तो अधिक स्पष्टपणे दिसला तो मात्र साहित्याशी काडीचा संबंध नसलेल्या एका ठिकाणी.

माझा भाचा इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला असतो. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा १९८७ साली प्रथम आलेला खेळ तयार करणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचे मुख्यालय याच गावात आहे. दीड-दोन इंच उंचीच्या सैनिकांच्या प्रतिकृती विकत घ्यायच्या, सुटे भाग जोडायचे, बारीक कुंचल्याने रंगवायच्या आणि मग टेबलावर मांडलेल्या पडक्या इमारतींमधून फासे टाकत, फूटपट्टीने अंतर मोजत लढाई खेळायची, असे या खेळाचे स्वरूप. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या आपल्या मुलांना हे सारे पाच मिनिटांत कळेल. भाच्याबरोबर अशा एका दोन दिवसांच्या स्पर्धेला मी प्रेक्षक म्हणून गेले होते. खेळापेक्षा माझे लक्ष वेधून घेतले ते तिथल्या गुणपद्धतीने.

येणाऱ्या प्रत्येकाचे सैन्य ठरावीक मोलाचे असते. प्रत्येक प्रतिकृतीला नियमपुस्तकात किंमत दिलेली असते आणि मोठ्या स्पर्धांत साधारणपणे एकूण २,००० पॉइंटांची मर्यादा असते. म्हणजे सुरुवातीला सर्वांच्या पदरात सारखेच. दोन दिवसांत पाच फेऱ्या होतात. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी दोन. हरला म्हणून कोणी बाद होत नाही. बुद्धिबळातली स्विस पद्धत (झुरिकच्या १८९५ सालच्या स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली) इथे लागू असते. जिंकणाऱ्याची पुढची गाठ जिंकणाऱ्याशी, हरणाऱ्याची हरणाऱ्याशी. बत्तीस खेळाडू असले आणि सगळे डाव निकाली झाले, तर पाच फेऱ्यांनंतर एकच अपराजित उरतो. हे गणित फार लोभस आहे, कारण त्यात तळाशी असलेल्यालाही शेवटपर्यंत आपल्या तोडीचा सोबती मिळत राहतो. आपल्या वर्गात तळाच्या बाकावरच्या मुलाला हे भाग्य क्वचितच लाभते.

प्रत्येक डावाचेही गुण असतात आणि ते केवळ शत्रूचे सैनिक मारल्याबद्दल नसतात. २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत एका डावाचे कमाल गुण १०० होते. मोक्याच्या जागा ताब्यात ठेवण्यासारख्या मुख्य उद्दिष्टाला ५०, दुय्यम उद्दिष्टांना ४० आणि उरलेले १० केवळ सैन्य रंगवलेले असल्याबद्दल! कच्च्या राखाडी प्लॅस्टिकचे सैन्य घेऊन आलात की हे दहा गुण खेळण्याआधीच गेले. काही स्पर्धांत दोघांच्या गुणांतल्या फरकाचे रूपांतर वीस गुणांच्या वाटणीत करतात. फरक अगदी थोडा असेल तर १०-१०, फार मोठा असेल तर २०-०. या पद्धतीत हरत असलेला खेळाडूही शेवटच्या क्षणापर्यंत झुंजतो, कारण १३-७ आणि १६-४ या दोन पराभवांची किंमत वेगळी असते. नुसता ‘जिंकला-हरला’ असा हिशेब असेल, तर हरणारा लवकर हात टेकतो. गुण देण्याची रीत केवळ वर्तनाची नोंद घेत नाही, ती वर्तन घडवते. हे सूत्र माझ्या मनात तिथेच पक्के झाले.

पण या खेळाची खरी नवलाई पुढेच आहे. १९९० आणि २०००च्या दशकांतल्या अनेक मोठ्या स्पर्धांत, विशेषतः अमेरिकेत, लढाईचे गुण हे एकूण गुणांचा केवळ एक भाग असत. त्यांत रंगकामाचे, खिलाडूवृत्तीचे आणि बऱ्याचदा सैन्यरचनेचे गुण मिळवले जात. या सर्वांच्या बेरजेत पहिला येणारा तो ‘सर्वोत्कृष्ट’; केवळ लढाईत पहिला येणाऱ्याला ‘सर्वोत्तम सेनापती’ हा निराळा पुरस्कार. म्हणजे सगळ्या लढाया जिंकूनही माणूस सर्वोत्कृष्ट ठरेलच असे नाही. ही कल्पना मला अत्यंत उदात्त वाटली. योद्धा, कलावंत आणि सज्जन या तिघांना एका माणसात शोधू पाहणारी स्पर्धा!

उदात्त कल्पनेचे व्यवहारात काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. रंगकामाला परीक्षक असत, पण त्यांच्या हाती यादी असे. तीन रंग आहेत का, पायथ्यावर माती-गवत केले आहे का, छाया आणि उजाळा दिला आहे का? यादीमुळे पक्षपात टळतो; मात्र प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण मिळवणारे निर्जीव सैन्य आणि एखादी चौकट रिकामी ठेवणारे जिवंत सैन्य यांतला फरक यादीला दिसत नाही. सैन्यरचनेचे गुण त्याहून नाजूक. सैन्य खेळाच्या काल्पनिक इतिहासाशी इमान राखणारे आहे की केवळ जिंकण्यासाठी जुळवलेले, हे कोणीतरी ठरवायचे. हा तर सरळसरळ समीक्षेचाच प्रांत झाला! औचित्याची चर्चा वाचलेल्यांना हे वाद ओळखीचे वाटतील.

सर्वांत करुण कथा खिलाडूवृत्तीच्या गुणांची. हे गुण प्रतिस्पर्ध्यानेच द्यायचे असत. डाव संपला की समोरच्याच्या सौजन्याला आकडा द्यायचा. यातून दोन गोष्टी झाल्या. बहुतेकजण भिडेने पूर्ण गुण देऊन टाकत, त्यामुळे आकड्याला अर्थ उरत नसे. आणि काही मोजके लोक, समोरचा माणूस बेरजेत आपल्या पुढे जाऊ नये म्हणून, त्याला मुद्दाम शून्य देत. सौजन्य मोजण्याचे साधनच असौजन्याचे हत्यार बनले. मग कमी गुण दिल्यास कारण लिहून द्यावे, पंचांनी ते तपासावे, असे उपाय आले. कालांतराने पुष्कळ ठिकाणी ही बेरीजच सोडून देण्यात आली. मी पाहिलेल्या स्पर्धेत क्रमवारी लढाईच्या गुणांवरच होती. सर्वांत आवडलेला प्रतिस्पर्धी कोण आणि सर्वांत देखणे सैन्य कोणाचे, यासाठी खेळाडूंनी शेवटी एकेक मत दिले आणि त्याचे पुरस्कार वेगळे झाले.

“मावशी, तुला यातलं कुठलं बक्षीस मोठं वाटतं?” भाच्याने विचारले. मी त्यालाच उलट विचारले. तो म्हणाला, “पहिला नंबर सगळ्यांना हवा असतो. पण आवडता प्रतिस्पर्धी म्हणून नाव पुकारलं ना, की टाळ्या जास्त वेळ वाजतात.” टाळ्या खरोखरच जास्त वेळ वाजल्या. ज्याचे नाव पुकारले गेले, तो क्रमवारीत बराच खाली होता.

नियम की विवेक हा पेच या खेळांच्या मुळातच आहे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धखेळ शिकवत. १८२४ मध्ये रायस्विट्झ या अधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या नियमांत फासे आणि हानीची कोष्टके होती. कोष्टकांचा काच वाढला, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी दू व्हेरन्वा याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ सोपवला. एकात न्याय सर्वांना सारखा, पण आंधळा. दुसऱ्यात डोळस, पण पंचाच्या लहरीवर अवलंबून.

आपण प्राध्यापक मंडळी या दोहोंच्या मधे उभे असतो. काही वर्षांपूर्वी एका केंद्रीय तपासणीत नियामक म्हणून माझ्यासमोर दोन उत्तरे आली. एक मार्गदर्शकातले, मुद्देसूद; पंधरापैकी अकरा. दुसऱ्या मुलीने कवितेतल्या एका प्रतिमेचा स्वतःच्या भाषेत अडखळत पाठलाग केला होता, तिला सहा. नमुना उत्तरातले मुद्दे तिच्याकडे नव्हते, हे खरेच होते. नियमात बसत होते तेवढे, म्हणजे दोन गुण मी वाढवले. तिने जे केले होते, त्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता. आणि आपल्यासाठी तरी कुठे होता? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने आपल्याही कामाला एपीआयचे गुण लावले. त्यानंतर शोधनिबंध आणि ते छापणारी नियतकालिके कशी वाढली, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून मोजमापच नको, असे मी म्हणणार नाही. मोजमाप नसते, तर त्या मुलीचे सहा गुण कोणाच्या मर्जीने दोनही झाले असते. मोजता येण्याजोगे काटेकोरपणे मोजावे. जे मोजता येत नाही, त्याला बेरजेत कोंबू नये, त्याचा निराळा आणि जाहीर उच्चार करावा. अंतर्गत मूल्यमापनात सरसकट वीसपैकी अठरा देऊन आपण त्या गुणांचे खिलाडूवृत्तीच्या गुणांसारखेच केले आहे. त्यापेक्षा त्या उत्तराच्या समासात दोन ओळी लिहिता आल्या असत्या, तर त्या अधिक मोलाच्या ठरल्या असत्या. पण तपासलेली उत्तरपत्रिका सहसा मुलांच्या हाती परत जात नाही.

अशा स्पर्धांत पुष्कळदा शेवटच्या क्रमांकालाही लाकडी चमचा देतात. ही रीत केंब्रिजची. तिथे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ऑनर्सच्या यादीत तळाला राहणाऱ्याला विद्यार्थी लाकडी चमचा देत. शेवटचा चमचा १९०९ चा. पुढच्या वर्षापासून विद्यापीठाने क्रमवार निकाल लावणे थांबवले आणि मग शेवटचा कोण, हेच कळेनासे झाले. नॉटिंगहॅमच्या त्या सभागृहात पाचही डाव हरलेला एक पन्नाशीचा गृहस्थ चमचा उंचावून हसत होता आणि त्याला पाचव्यांदा हरवणारा मुलगा त्याच्या रंगवलेल्या सैन्याचे जवळून फोटो काढत होता.