पराभूताचें स्मरण

घोड्यांच्या शर्यती म्हणजे जुगार, अशी आमच्या घरची समजूत. आणि ती सर्वस्वीं खोटी नव्हे. तथापि लिव्हरपूलजवळ १९७३ सालीं झालेल्या ‘ग्रँड नॅशनल’ या अडथळ्यांच्या शर्यतीचें चलच्चित्र पाहिलें, तेव्हां पैशाचा विचारहि मनांत आला नाहीं. रेड रम या घोड्याहून २३ रत्तल अधिक ओझें वाहणारा क्रिस्प शेवटचा अडथळा ओलांडून कितीतरी पुढें होता. मग पावलें जड झालीं, आणि अवघ्या पाऊण अश्वलांबीनें तो हरला. रेड रम पुढें १९७४ व १९७७ सालींहि जिंकला. १९९५ सालीं तेथेंच, अंतिम खांबाजवळ, त्याला पुरलें. तरी जुने शौकीन त्या दिवसाची गोष्ट काढतात ती क्रिस्पची! वर्गांत महाभारत सांगतांना मुलें कर्णाविषयींच विचारीत, आणि मी घाईनें अर्जुनाकडे वळत असें.