या पैलवान!

तालमीत मान आधी वस्ताद देतात. तो पेलायचं काम पठ्ठ्याचं. कोल्हापूरच्या तालमीत घालवलेल्या वर्षांनी मला हे शिकवलं.

शिराळा तालुक्यातल्या गावाहून मी तिथं आलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. वळकटी, तुपाचा डबा आणि लंगोट एवढंच सामान. वडिलांनी मला वस्तादांच्या पायांवर घातलं. त्यांनी माझे दंड चाचपून पाहिले आणि म्हणाले, "या पैलवान. पहाटे हौदात उतरायचं." मी अजून एक जोरही काढलेला नव्हता. तरीही त्या हाकेनं पाठ आपोआप ताठ झाली.

वस्तादांचं नाव आम्ही कधी तोंडानं घेतलं नाही. 'वस्ताद' आणि 'तुम्ही', बस्स. आमच्या आधी आलेले पठ्ठे कुणी दादा, कुणी अण्णा. वस्ताद पोरांना बऱ्याचदा गावाच्या नावानं हाक मारत. हौदात आडनावाला काम नव्हतं. ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालून मळलेली तांबडी माती कपाळाला लावायची, वस्तादांच्या पायांना हात लावायचा, मगच जोड धरायची.

मेहनत सुरू झाली की कट्ट्यावरून त्यांचा आवाज घुमायचा. "पट काढ रं! गुडघ्यात काय जीव हाय का न्हाई?" हौदात सगळा मामला एकेरी, वेळेला शिवीसुद्धा. तालमीबाहेर, चारचौघांत मात्र तेच वस्ताद आम्हाला 'अहो पैलवान' म्हणत. चूक दाखवायची ती हौदात, मान द्यायचा तो लोकांसमोर, हा त्यांचा रिवाज होता.

त्याचा अर्थ मला एका जत्रेच्या फडात कळला. माझ्याच भागातलं मैदान, पाव्हणेरावळे कडेला बसलेले, आणि मी घिस्सा डावावर चितपट झालो. लोकांनी हुर्यो केली. वस्ताद आखाड्यात आले, पाठीची माती स्वतःच्या टॉवेलनं झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला पैलवान, उठा. जेवून घ्या." दुसऱ्या पहाटे हौदात सूर वेगळा होता. "ये इकडं. घिस्सा कसा मोडायचा दावतो." तो डाव मोडायला येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

हे नातं एकतर्फी नसतं. शाहू महाराजांनी बांधलेल्या, 1912 साली खुल्या झालेल्या खासबाग मैदानात कुस्ती पुकारताना मल्लाच्या नावाला जोडून तालमीचं आणि वस्तादांचं नाव येतं. अमक्या वस्तादांचा पठ्ठा! हलगी कडाडत असते आणि त्या पुकाऱ्यासरशी आपल्या खांद्यावर आणखी एका माणसाची अब्रू येते. मग रस्त्यात कुणाशी हुज्जत घालतानाही पोरगा आधी विचार करतो.

इथल्या थोर मल्लांना लोक कसं हाक मारत ते आठवा. 1959 चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे 'अण्णा'. 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर 'आबा'. 1964 चे मारुती माने 'भाऊ'. पुण्यात कितीतरी मल्ल घडवणारे हरिश्चंद्र बिराजदार 'मामा'. देशभर नाव झालं, गदा मिळाल्या, तरी पोरांनी त्यांना घरातलंच माणूस मानलं. घरच्या माणसाला जे सांगता येतं ते बाहेरच्याला सांगता येत नाही. दुखरा गुडघा, घरची ओढाताण, संपलेला खुराक हे सगळं आम्ही वस्तादांपाशीच बोलत होतो.

आता तालमीत मॅट आली आणि मॅटबरोबर 'सर' आणि 'कोच'. गुणांची कुस्ती खेळायची तर त्या शास्त्राचा जाणकार हवाच, आणि त्याला पोरं 'सर' म्हणाली तर बिघडत नाही. पण त्या सरांनी पोराची हार चारचौघांत झाकावी आणि पहाटे त्याचा डाव सुधारावा, एवढी माझी मागणी आहे. आज मुलीही हिरिरीनं कुस्ती खेळतात. पहिल्याच दिवशी त्यांच्याही कानावर तीच हाक पडली पाहिजे. पोरगी असो की पोरगा, जोर काढायला आलेल्या प्रत्येकाला आधी पैलवान म्हणा. तसं वागायची हिंमत त्या हाकेतूनच येते, हे मी अंगावर अनुभवलं आहे.