अडुळसा, माईनमूळ आणि आवळलेली श्वासनळी

दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात, जिनिंगची यंत्रं सुरू होतात आणि हवेत तंतूंचा धुरळा उडू लागतो. त्यात इथली थंडी. दम्याच्या माणसाची छाती घरघरू लागली की मराठी घरात पहिली आठवण होते अडुळशाची.

धाप लागण्यामागे कफ असतोच, पण तेवढाच नसतो. श्वासनळीभोवती अनैच्छिक स्नायूंचा वेढा असतो. पेशीत कॅल्शियम वाढलं की हा वेढा आवळतो आणि नळी अरुंद होते.

अडुळशाच्या पानातलं व्हॅसिसीन हूपर यांनी १८८८ मध्ये वेगळं केलं. १९२५ मध्ये रामनाथ चोप्रा आणि घोष यांना त्याचा श्वासनळी सैल करणारा गुण आढळला. सौम्य, पण टिकणारा. १९५९ मध्ये अमीन आणि मेहता यांनी त्याच पानातल्या व्हॅसिसिनोनबद्दल तेच नोंदवलं. पुढे व्हॅसिसीनच्या रेणूवरून ब्रोमहेक्झिन घडलं. ते मात्र कफ पातळ करतं, स्नायूला हात लावत नाही.

एखाद्या वनस्पतीच्या अर्कात असा गुण आहे का, याची परीक्षा पाहण्यासारखी असते. गिनीपिगच्या श्वासनळीचं कडं ३७ अंशांच्या क्षारद्रावणात दोऱ्याने टांगतात, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडतात. हिस्टामिनचे थेंब पडले की कडं आकसतं, आलेखाची रेघ वर चढते. मग अर्क घालायचा आणि रेघ किती उतरते, किती वेळात उतरते, ते टिपायचं.

वनस्पतींतून औषधी द्रव्यं शोधण्याच्या वाटेवरचं सर्वांत मोठं काम मुंबईत झालं. हेक्स्ट या औषध कंपनीच्या मुलुंडच्या संशोधन केंद्रात, ज्याच्या मुळांचं लोणचं घालतात त्या माईनमुळापासून, सुजाता भट आणि डिसूझा यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञांच्या गटाने फोर्स्कोलिन मिळवलं. त्याची रचना १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन आणि डॅली यांनी त्याची करामत उलगडली. इनहेलरमधलं नेहमीचं औषध साल्ब्युटामॉल पेशीच्या दाराची कडी वाजवतं. फोर्स्कोलिन थेट आत शिरून ॲडेनिलेट सायक्लेज हे विकर चालू करतं. त्यामुळे सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, कॅल्शियम उतरतं, स्नायू सैल पडतो. श्वासावाटे दिलेल्या फोर्स्कोलिनने दम्याच्या रुग्णांच्या नळ्या मोकळ्या झाल्याचंही चाचण्यांत दिसलं. जगभरच्या प्रयोगशाळांत ते आजही रोजच्या वापरात आहे. मुलुंडच्या या कामाचं मराठी वाचकांत पुरेसं कौतुक झालेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

मात्र टांगलेलं कडं म्हणजे धापणारा माणूस नव्हे. अडुळशाच्या काढ्यात व्हॅसिसीन किती उतरेल हे पानावर, ऋतूवर आणि उकळण्यावर ठरतं. शिवाय हेच व्हॅसिसीन गर्भाशयाचा स्नायू आवळतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. आणि रात्री धाप लागली, बोलताना वाक्य तुटू लागलं, तर काढा उकळत बसू नका. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर आधी घ्या आणि दवाखाना गाठा.